मागच्या बाजूचं गाणं

“पण बुवा, याला गाणं म्हणायचं की नाही, एवढंच एका शब्दात सांगा!”

उकिडव्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शिरोळहून सायकल हाणत ते भर उन्हात आले होते, आणि ‘नाही’ हा शब्द घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, असं घरातूनच ठरवून निघाले होते.

रामलिंगबुवा अंगणात बाजेवर बसले होते. समोर शाळूची ज्वारी वाळत घातली होती. चिमण्या उतरल्या की हातातली काठी जमिनीवर आपटायची, एवढंच काम घरच्यांनी त्यांना या वयात ठेवलं होतं. चिमण्यांनाही ते कळून चुकलं होतं. त्या काठीकडे ढुंकूनही बघत नव्हत्या.

“कुणाचं गाणं?” बुवांनी विचारलं.

“कुणाचं काय, बुवा! इंदूताईंचं. तुमच्या शिष्येचं!”

इंदुमती सरनोबतांची नवी रेकॉर्ड आली होती. पुढच्या बाजूला नेहमीसारखं गोड भावगीत होतं. पारिजातक, चांदणं, दारात वाट बघत उभी असलेली कुणी एक. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण रेकॉर्ड उलटली की, उकिडवे सांगत होते, साडेतीन मिनिटं बाई नुसत्या पिकावरची पाखरं हाकत होत्या. पेटी नाही, तबला नाही. शेतातल्या माळ्यावर उभं राहून बायका आरोळ्या ठोकतात, तसं ‘हाऽऽ हो! हुर्रर्र!’

‘इंदुमती श्रोतृ मंडळ’ एकतीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून काढलं होतं. उकिडवे अध्यक्ष आणि जिनदत्त चौगुले चिटणीस. एका सायकलवर डबलसीट बसून दोघांनी बाईंच्या मैफली गाठल्या होत्या. मागची बाजू ऐकून चौगुले म्हणाले, बाई आज पहिल्यांदा पोटातून गायल्या. उकिडवे म्हणाले, बाईंना ऊन लागलंय.

झालं. मंडळ उभं चिरलं गेलं. पुढच्या बाजूचे सभेत पुढे बसू लागले आणि मागच्या बाजूचे तत्त्वाखातर मागे. त्यातल्या एका म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. तोही तत्त्वाचा पक्का, त्यामुळे मागे बसून दर वाक्याला ‘काय म्हणाले?’ असं विचारायचा.

मग उकिडव्यांनी मंडळाच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर कागद चिकटवला. वर लिहिलं, ‘ही बाजू वाजवू नये.’ चौगुल्यांनी तो कागद गरम पाण्यानं काढला. रेकॉर्ड वाकली. आता दोन्ही बाजू सारख्याच भेसूर वाजत होत्या, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

“उद्या संध्याकाळी सभा आहे,” उकिडवे म्हणाले. “चौगुल्यांचं नाव मंडळातून काढायचा ठराव मीच मांडणार. तुम्ही एवढं म्हणा, की हे गाणं नव्हे. तुमचं नाव घेतलं की कुणी हूं की चूं करणार नाही.”

हे बोलताना त्यांचा आवाज नको तेवढा चढला. गेला दीड महिना त्यांना संध्याकाळचा चहा गोड लागत नव्हता. चौगुल्यांच्या सायकलची घंटा वाजली असं वाटून ते दोनदा दारापर्यंत गेले होते. दोन्ही वेळा दूधवाला निघाला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

बुवांनी काठी आपटली. एक चिमणी जराशी सरकून बसली.

“मी ते ऐकलेलं नाही.”

“ऐकलं नाही?”

“माझ्याकडे ते यंत्र कुठंय? तुम्हीच म्हणून दाखवा.”

“मी?”

“वाईट काय आहे ते मला कळायला नको?”

…

उकिडवे उठले. नक्कल करून बाईंची फजिती दाखवायची, अशा बेतानं त्यांनी तोंड वाकडं करून सुरुवात केली. ‘हाऽऽ हो…’ तालुका कचेरीत तीस वर्षं पुकारे केलेला गळा होता. दुसऱ्या आरोळीला हात आपोआप कानाकडे गेला. तिसरीला डोळे मिटले. बाई जिथे श्वास घेत, तिथेच उकिडव्यांनी घेतला. बाईंचा आवाज जिथे चिरकतो, तिथे यांचाही बरोब्बर चिरकला.

“हुर्रर्रर्र!”

अंगणातल्या साऱ्या चिमण्या भर्रकन उडाल्या आणि लिंबावर जाऊन बसल्या. शेजारच्या गोठ्यात म्हशीनं दावं ताणलं.

बुवांनी काठीकडे पाहिलं आणि ती हळूच बाजेखाली सरकवली.

“किती वेळा ऐकलंत?”

उकिडव्यांनी डोळे उघडले. “दोष काढायचे म्हटल्यावर… ऐकावं लागतं. असेल चाळीसएक वेळा.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. संपलं.”

“साडेतीन मिनिटं म्हणालात. हे दोनचंच झालं.”

उकिडव्यांनी रुमालानं मान पुसली.

“आहे पुढे. तोच तर खरा मूर्खपणा, बुवा! पाखरं उडून जातात. शेत मोकळं होतं. आणि मग या बाई त्यांना परत बोलावतात! हळू आवाजात. ‘या गं बायांनो, या…’ असं. मी म्हणतो, एकदा हुसकावलं ना? मग परत बोलवायचं कशाला?”

बुवांनी लिंबाकडे पाहिलं. चिमण्या खाली उतरायला तयार नव्हत्या. अंगण फारच मोकळं दिसत होतं.

…

“तेवढं म्हणा,” बुवा म्हणाले.

“ते मला येत नाही.”

“नीट ऐकलं नाही?”

“ऐकलंय. म्हणूनही बघितलंय.”

“कुठे?”

“न्हाणीघरात.”

“कधी?”

“रोज.”

“मग?”

उकिडवे टोपीची घडी घालत राहिले.

“आवाज लागत नाही, बुवा. ‘या’ म्हणायला जातो… आणि घशातून ‘हुर्रर्र’च निघतं. परवा बायको मोरीबाहेरून विचारत होती, आत मांजर आलंय का म्हणून.”

बुवा हसले नाहीत. त्यांनी वाकून मूठभर शाळू उचलला आणि हातातल्या हातात चाळवत बसले.

उकिडव्यांनी टोपी घातली. सायकलीपर्यंत गेले आणि तिथून परत वळले.

“पण सभेत काय सांगू? हे गाणं आहे, की नाही?”

…

“आधी पुरतं बसवा,” बुवा म्हणाले. “चौगुल्यांचं घर वाटेतच लागतं ना? त्यांच्या दारात उभे राहून म्हणा. तिथे आवाज लागेल.”