यमाजी लोणाऱ्यानं न खाल्लेला विडा

देवाशपथ सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. माझ्या आज्यानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे आजा तेव्हा जन्मला नव्हता. पण ज्यानं पाहिलं त्याच्या शेजारी तो पुढे राहायला गेला, आणि आमच्या खडकवेढ्यात तेवढं पाहिल्यासारखंच धरतात.

तर फार वर्षांपूर्वी, इंग्रजी अमलात, खडकवेढ्याला नवी नवी म्युन्शिपाल्टी आली. कौलारू कचेरी, एक लांब टेबल आणि भोवती मेंबर. कामं आपली नेहमीचीच. कंदिलात तेल कोणी घालायचं, गटार कोणाच्या दारावरून न्यायचं, मोकाट गाढवं कोणाची. पण मेंबर मोठे हुशार. सभेत माना डोलवायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "छे हो, मी तर त्याआधीच उठलो होतो!" म्हणून एक रीत पडली. कामकाज आटोपलं की विड्यांचं तबक फिरायचं, आणि प्रत्येकानं सगळ्यांच्या देखत विडा खायचा. सगळ्यांची तोंडं रंगली की सभा संपली, ठराव पक्का. एकाचाही विडा राहिला तर सभा चालूच. तशात विडा न खाणाराच उठून गेला, तर त्याचा विरोध बाद; बाकीचे उठून गेले, तर ठराव लटकला.

खालच्या आळीचा मेंबर होता यमाजी लोणारी. चुन्याची भट्टी लावणारा म्हातारा. भुवया चुन्यानं पांढऱ्या झाल्या की वयानं, हे त्याच्या घरच्यांनाही सांगता आलं नसतं. सभेत तो कधी बोलायचा नाही.

एका उन्हाळ्यात ठराव आला. कलेक्टरसाहेब गावात येणार, तर त्यांच्या नावानं घड्याळाचा मनोरा बांधायचा. जागा कुठली? खालच्या आळीतली विहीर बुजवून होईल ती. वरच्या पेठेत नळ आले होते, तिथल्यांना विहिरीचं काय! खालच्या आळीला मात्र तीच एक विहीर. ती गेली की बायकांनी घागरी घेऊन नदी गाठायची, आणि आमची नदी उन्हाळ्यात नावालाच नदी.

यमाजी पहिल्यांदा उभा राहिला. म्हणाला, "रावसाहेब, घड्याळ बघून तहान भागत नाही."

अध्यक्ष होते रावसाहेब घारपुरे. ते म्हणाले, "यमाजी, खाली बैस. सुधारणा म्हणतात ती हीच."

सगळे हसले, हात वर झाले, ठराव झाला. तबक आलं. यमाजीनं विडा उचलला, मुठीत धरला आणि बसून राहिला.

"खा की रे बाबा," रावसाहेब म्हणाले.

"खातो की. पण तोंड आलंय, रावसाहेब. आतून नुसतं सोललंय. बरं वाटलं की खातो."

"अरे, चुना तुझ्याच भट्टीचा आहे!"

"म्हणून तर भ्या वाटतं. मला ठावं हाय तो कसा असतो."

आता उठायचं कोणी? उठावं तर ठराव लटकतो. मेंबर बसून राहिले. असं म्हणतात, की त्यांचे जेवणाचे डबे कचेरीत येऊ लागले. मग न्हावी येऊ लागला. पुढे पुढे तर सोयरिकीसुद्धा त्या टेबलावर जुळल्या. रावसाहेबांची दाढी वाढून टेबलावर आली, आणि मग टेबलावरून खाली उतरली. असं म्हणतात, की यमाजीच्या मुठीतला विडा सुकलाच नाही. त्याला कोंब फुटला, वेल झाला, वाशांवर चढला, आणि भर उन्हाळ्यात मेंबर त्याच्या सावलीत घोरत पडले.

एक दिवस यमाजीची सून बनाई दारात आली. "मामंजी, भाकरी आणलीया. वांग्याचं भरीत हाय."

सगळे मेंबर कान टवकारून बसले. तोंड तर यमाजीचं ठणठणीत होतं. पण भाकरी चावली की विडाही चावावा लागणार. त्यानं भरताकडे पाहिलं, आवंढा गिळला.

"तोंड आलंय न्हवं, पोरी. पेज आण."

"नुसत्या पेजेवर जीव कसा धरायचा तुम्ही?"

"हिरीला पाणी हाय न्हवं? मग झालं. वाढव पेजेत."

बनाई पदर तोंडाला लावून निघून गेली. म्हातारा वाळत चालला. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. मूठ मात्र सुटली नाही.

शेवटी रावसाहेबांना पाझर फुटला. त्यांनी हात जोडले. "यमाजी, विहीर राहिली. आता तरी खा." यमाजीनं विडा खाल्ला, चालत विहिरीवर गेला आणि पिंक टाकली. तो दगड अजून लाल आहे, असं म्हणतात.

आजही आमच्या नगरपालिकेची सभा असली, की खालच्या आळीच्या बायका एक विडा पाठवतात. तो एका रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही. एकदा एका नव्या साहेबांनी सहज उचलला, तर शिपायानं चक्क त्यांचं मनगट धरलं. "साहेब, तेवढा नको. आमच्या घरी त्या विहिरीचंच पाणी भरतात."

आता तुम्ही म्हणाल, यमाजीनं विडा खाल्ला होता, तर मग हा जपायचा कशाला? पकडलंत मला. रावसाहेबांनी हात जोडले ते मी जोडायला लावले. दगड म्हणाल तर त्या विहिरीचे सगळेच तांबडे आहेत. वेलही हवा तर सोडून द्या. रावसाहेबांनी ठराव मागे घेतलाच नाही. तेवढ्यात कलेक्टरसाहेबांची बदली झाली आणि मनोऱ्याची घाई सरली. मेंबर एकेक करून उठले. कोणी पाय मोकळे करायला, कोणी नातवाच्या बारशाला. परत कोणी आलं नाही. रावसाहेबही एका सकाळी पगडी चढवून निघून गेले. यमाजी तेवढा बसून राहिला. त्याला उचलून घरी नेलं, तो घरीच वारला, आणि वारला तेव्हाही मूठ मिटलेली होती. लोक बोटं सोडवायला पुढे झाले, तर बनाई आडवी आली.

म्हणून ठराव कागदावर आहे तसाच आहे. सभा तेवढी अजून संपलेली नाही.