सटवाजीची अवेळची घंटा

भाविकहो, श्रीसहजगिरी महाराज तेव्हा हिवरी गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या मठीत राहत असत. गावात शिक्षण मंडळाची शाळा होती आणि सटवाजी तिथला शिपाई. झाडलोट करायची, पाणी भरायचे, घंटा द्यायची. सकाळी महाराजांच्या अंगणात सडा टाकून मगच तो कामावर येई.

हेडमास्तर त्र्यंबकराव मोठे विद्वान, पण जिभेचे तिखट. मुलांदेखत म्हणत, "काय सटवाजी, तुझ्या महाराजांनी अजून ग म भ न शिकवलं नाही वाटतं?" मुले हसत. सटवाजी खाली मान घालून फळा पुसू लागे.

एकदा तपासणीला शाळाखात्याचे दिपोटीसाहेब आले. मोठ्या वर्गात साठ मुले बसवली होती. "आज चुकलास तर घरी बसशील," त्र्यंबकरावांनी बजावले. सटवाजी ओसरीवर उभा राहिला. आत कविता रंगात आली होती, तोच त्याच्या कानाशी महाराजांचा आवाज आला, "सटवाजी, घंटा दे!"

त्याने वळून पाहिले. कोणी नव्हते. सुट्टीला अजून दोन तास होते. पुन्हा तोच आवाज! हात घंटेकडे गेला, पण दारातून हेडमास्तरांचा चेहरा दिसला आणि हात मागे आला. तिसऱ्यांदा आवाज थकून गेला होता, "अरे, दे रे!"

सटवाजीने डोळे मिटून घणघणा घंटा दिली. पाट्या टाकून मुले बाहेर धावली. मागोमाग साहेब आणि संतापलेले त्र्यंबकराव.

"शुद्धीवर आहेस का? काढ तो बिल्ला!" त्र्यंबकराव गरजले.

सगळ्या शाळेसमोर सटवाजीने छातीवरचा बिल्ला काढला. धरणीने पोटात घ्यावे असे त्याला झाले. एवढ्यात कडाडकन वर्गाचे आढे मोडले आणि कौलांसकट सगळे छप्पर खाली आले!

एकाही लेकराला ओरखडा नव्हता.

सटवाजी धावतच मठीत गेला. पाठोपाठ त्र्यंबकराव. तिथे सेवेकरी गंगूबाई रडत होती. "महाराज बराच वेळ हात वर करून उभे होते बाबा, डोईवर काही तोलून धरल्यागत. घामानं नुसते भिजले. मघाशी 'निघाली सगळी' म्हणाले आणि मटकन बसले."

महाराजांचे तळहात सोलवटले होते. खांदा काळानिळा पडला होता. सटवाजी उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याला आत पाऊल टाकवेना.

"महाराज, पहिलीच हाक ऐकू आली होती मला. पण नोकरीला भ्यालो. तुम्ही इकडं भार सोसत होता आणि मी नुसता उभा होतो."

"भ्यालास खरा," महाराज म्हणाले. "खांदा ठणकतोय माझा. पण दिलीस ना शेवटी? ये, तेल चोळ."

सटवाजी हुंदके देत तेल चोळू लागला. कोपऱ्यातून त्र्यंबकराव पुटपुटले, "महाराज, ही सेवा मला मिळेल का?"

"ते त्याला विचारा, मास्तर."

विद्वान त्र्यंबकराव कोपऱ्यातून पुढे आले. त्यांनी पगडी उतरवली, आणि ओशाळून पाय मागे घेणाऱ्या सटवाजीपुढे जमिनीवर डोके टेकले.