कण्हायचं कुंड

ही गोष्ट खरी आहे. आई रानजाईच्या देवळाच्या पायरीची शपथ, अक्षर न् अक्षर खरी. म्हणजे पायरी नवी आहे, दोन वर्षांपूर्वी फरशी बसवली, त्यामुळे शपथ कितपत लागते ते माहीत नाही. आणि पालखीचं वजन कुणी काट्यावर केलेलं नाही. तेवढं सोडलं तर खरी.

बसा. पाय सोडा पाण्यात. हळू, आधी चटका बसतो.

येताना वळणावर तुम्ही जो आवाज ऐकलात ना, तो कुणी मरत असल्याचा नव्हता. मागच्या मे महिन्यात एका पाहुण्यांनी रस्त्यावरूनच रुग्णवाहिका बोलावली. ती आली, ड्रायव्हर उतरला, अंघोळ केली, तोही कण्हला, गेला. आमच्या आडवण्याच्या या गरम पाण्याच्या कुंडात उतरलं की कण्हावं लागतं. "मेलो, मेलो" म्हणा, "नको रे देवा" म्हणा, काहीही चालतं. तोंड वाकडं पाहिजे. पाणी कितीही बरं वाटलं तरी बरं वाटतंय असं दिसता कामा नये. पलीकडे ते तिघं टोपीवाले बसलेत ना, ते अंघोळीला नाही आलेले. ते लोकांची तोंडं बघायला बसलेत.

हे असं का, त्याचं कारण फार जुनं आहे. साल विचारू नका.

आडवण्यात एकदा पटकी आली. महिन्याभरात बावीस माणसं गेली. तेव्हा गावाने रानजाईला नवस केला असं सांगतात: आई, एवढी साथ थांबव, बारा वर्षं या गावात कुणी चैन करणार नाही. पान नाही, तंबाखू नाही, तपकीर नाही, केसाला तेल नाही, जेवल्यावर गुळाचा खडा नाही, दुपारची झोप नाही. पाठ खाजवायला काहींकडे लाकडी हात असायचा, तोही नाही. खाजवायचं तर भिंतीला, आणि तेही थोडक्यात आटपायचं. साथ थांबली. नवसाने थांबली की लोकांनी पाण्याची विहीर बदलली म्हणून थांबली, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती.

आईने तिचं केलं. गाव आपलं करतंय की नाही, हा प्रश्न होता. ते बघायचं काम भिकू गुरवाकडे आलं. हा रानजाईचा पुजारी. रोज सकाळी तो घरोघर जाऊन लोकांच्या तोंडाचा वास घ्यायचा. आधी लोकांना लाज वाटली, मग त्याचा मान झाला. कुणाच्या घरचा वास आधी घ्यायचा, यावरून दोन भावकींचं बोलणं बंद झालं म्हणे. सहा वर्षांत भिकूने एकालाही पकडलं नाही. गावाला याचा अभिमान होता. द्वारकीला मात्र याचाच संशय यायचा.

द्वारकी गावची सुईण. पन्नाशीची, सुक्या बोंबलासारखी ताठ आणि कोरडी. तिला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलगा झाला तरी बाहेर येऊन असं सांगायची की जणू म्हैस दगावली. त्या बाविसांत तिची धाकटी लेक होती. पण त्याआधीही ती काही फार हसायची असं नाही. सात वाड्या चढून-उतरून तिचे गुडघे गेले होते. एका बाळंतपणाला पायलीभर भात मिळायचं, त्यावर चूल. गुडघे बसले की चूल बसली. आणि नवसाच्या सहाव्या वर्षी थंडीत ते खरंच बसले. वरच्या वाडीचा निरोप आला आणि द्वारकीला उंबऱ्यावरून उठता येईना. पोर शेजारणींनी कसंबसं सोडवलं.

त्याच आठवड्यात ओढ्याकाठी, आत्ता तुम्ही बसलात त्या जागी, जमीन फाटली आणि गरम पाणी वर आलं. पहिल्यांदा पाहिलं द्वारकीने. तिने पाय घातले. गुडघ्यापर्यंत गेली. आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की कोण आहे म्हणून तिनेच मागे वळून बघितलं. दहा दिवस ती गुपचूप येत राहिली. अकराव्या दिवशी काठी न घेता वरची वाडी चढली, आणि चूक झाली ती तिथं. आडवण्यात कुणाचं दुखणं बरं झालं की लोक आनंद करत नाहीत. आधी विचारतात, कशाने?

तिचा माग काढत भिकू कुंडावर पोचला. त्याने गाव गोळा केलं.

"गरम पाणी चैनीत येतं का नाय, ते ठरवा," तो म्हणाला. "येत असलं तर दगड घालून बुजवायचं. आजच."

"अरे पण आपसूक आलंय ते," कुणीतरी म्हणालं.

"पटकी काय बोलावून आली होती?"

लोकांनी देवळाची वाट धरली.

मग देवीला कौल लावला. आमच्याकडे देवीच्या दगडाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सकाळी लावलेल्या पाकळ्या दुपार उलटली तरी जागच्या हलल्या नाहीत. आई विचारात पडली, असं सांगतात. शेवटी लोकांनी दगडांचे ढीग रचून ठेवले आणि आपणच तोड काढली. एका माणसाला सगळ्यांसमोर पाण्यात बसवायचं. तोंडावर सुख दिसलं तर ती चैन, दगड घालायचे. त्रास दिसला तर ती तपश्चर्या. नवसात तपश्चर्येला मनाई नव्हती.

बसवायचं कुणाला? ज्याच्या तोंडावर सुख सहज दिसणार नाही, अशाला. सगळं गाव द्वारकीकडे वळलं.

ती लुगड्यानिशी कमरेपर्यंत पाण्यात बसली. काठावर गाव, झाडावर पोरं, आणि भिकू उकिडवा बसलेला, त्याचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर. द्वारकीचे गुडघे आतून सुटायला लागले, सुंभाची गाठ भिजून सुटावी तसे. गाल आपोआप वर सरकायला लागले. तिने मेलेल्या नवऱ्याची आठवण काढली, उपयोग झाला नाही. सासूची काढली, थोडा झाला. मग ती जोरात कण्हली.

"मेले गो बाय, मेले!"

"काय गो, भाजतंय?" काठावरून बायकांनी विचारलं.

"हाडं उकळतायत!"

"मग बाहेर ये की!"

"आले असते," द्वारकी म्हणाली, "पण गावासाठी बसलेय ना."

गाव हळहळलं. आणि तेवढ्यात तिच्या ओठाचा डावा कोपरा सुटला. अगदी तांदळाएवढा. पण भिकूने तो पाहिला. त्याचे डोळे चमकले, तोंड उघडलं. द्वारकीला दगडांचे ढीग दिसले, बंद पडलेली चूल दिसली, आणि मग, वीतभर अंतरावर, आणखी एक गोष्ट दिसली. भिकूच्या नाकाखाली एक बारीक तपकिरी रेघ होती. सहा वर्षं हा माणूस गावभर वास घेत फिरला, कुणी सापडलं नाही, कारण त्याचं नाकच तपकिरीने चोंदलेलं होतं.

"गुरवा," ती कण्हता कण्हताच, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाक पूस."

भिकूचा हात नाकाकडे गेला. तो उभा राहिला. गावाकडे वळला.

"सोसतेय," तो म्हणाला. "लय सोसतेय बिचारी. ही तपश्चर्याच आहे."

बुजवायला आणलेल्या दगडांच्या मग या पायऱ्या केल्या. दुसऱ्या दिवसापासून आडवण्याला तपश्चर्येची एवढी ओढ लागली की कुंडाला रांग लागली. काही म्हातारे तर दिवसातून तीनदा सोसायला यायचे. सगळे कण्हायचे, आणि कण्हता कण्हता एका डोळ्याने शेजाऱ्याकडे बघायचे. हा जरा जास्तच कण्हतोय. हिचं कण्हणं गळ्यातून येतंय, पोटातून नाही. त्याने आत्ता डोळे मिटले ते दुखून मिटले की कसे? अशी सहा वर्षं गेली. द्वारकी रोज यायची, बाळंतपणं करायची आणि मनातून घाबरलेली असायची. नवस आपण मोडलाय हे तिला पक्कं माहीत होतं. गावात कुणाला साधं पोटात दुखलं तरी ती आधी जाऊन बघून यायची.

बारावं वर्ष भरलं तो शिमगा होता. रानजाईची पालखी निघाली. नवस नीट पार पडला का, याचा कौल त्या दिवशी घ्यायचा होता. आता आमच्याकडे पालखी देवी नेईल तिकडे जाते, भोई फक्त खाली पाय हलवतात. पालखी देवळाकडे वळायच्या ऐवजी ओढ्याकडे वळली, उतार उतरली आणि चार भोयांसकट सरळ कुंडात शिरली. आणि जड झाली. अशी जड की हलेना. चारही भोई छातीभर गरम पाण्यात उभे राहून कण्हत होते आणि सांगत होते, आई निघत नाही, आम्ही काय करणार? पालखी आईने जड केली की भोयांनी, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. भोयांची घराणी एकाच पक्षात आहेत.

एक तास गेला. दुसराही गेला. भिकू काठावर उभा राहून ओरडला, "कुणीतरी नवस मोडलाय! बोला! आई रुसून बसली तर पटकी परत यायला किती वेळ लागतो?"

द्वारकी गर्दीतून पुढे आली.

"मी मोडला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मला त्रास नव्हता झाला. बरं वाटलं होतं. लय बरं वाटलं होतं. त्यानंतर रोज वाटतंय." आणि पालखीकडे बघून म्हणाली, "काय करायचं ते मला कर. गावात कुणाच्या पोराला हात लावू नको."

दोघं-तिघं वाकून दगड शोधायला लागले. तेवढ्यात पुढचा डावा भोई म्हणाला,

"ओ, माझी बाजू हलकी झाली."

लोकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मग पालखीच्या बाकीच्या तीन बाजूंकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. पाटलाची सून पाण्यात उतरली, कमरेची गाठ सोडली आणि गुळाचा खडा पालखीत ठेवला. "हलतंय, हलतंय," भोई म्हणाले. त्यानंतर जे सुरू झालं ते थांबेना. कनवटीची पानं आली, तंबाखूच्या पुड्या आल्या, खोबरेल तेलाची बुधली आली, बारा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर मोडलेला लाकडी हात सुतळीने सांधलेला आला. एकाने बारा वर्षं दुपारी झोप काढली होती. झोप पालखीत कशी ठेवणार? त्याने उशी आणून ठेवली. आणि नवल असं की पालखीत जितकं पडत गेलं, तितकी ती हलकी होत गेली. तीन बाजू वर आल्या. मागची उजवी काही येईना.

गाव हळूहळू भिकूकडे वळलं. द्वारकीने फक्त त्याच्या नाकाकडे बघितलं. भिकूने धोतराच्या घोळातून तपकिरीची डबी काढली आणि रडवेल्या तोंडाने पालखीत टाकली. पालखी अशी उसळली की चारही भोयांचे पाय तळाचे सुटले.

मग तिथंच काठावर, पालखीलाच पाकळ्या चिकटवून कौल लावला. आई, पटकी येणार का? डावी पडली; नाही. आई, आता सुखाने अंघोळ केली तर चालेल का? उजवी पाकळी तत्क्षणी पडली.

आणि नेमका तिथंच गावाला संशय आला. एवढ्या लगेच? मागे दिवसभर विचार केला आणि आता पापणी लवायच्या आत होय? आई परीक्षा बघत असणार. तेव्हा ठरलं, कण्हणं सोडायचं नाही. जो सुखात सापडेल, त्याने आपल्याजवळ लपवलेली चैन आईच्या पुढ्यात ठेवायची.

पाकळीवर विश्वास ठेवला तो एकट्या द्वारकीने. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या पायरीवर बसली, पाय सोडले आणि हसली. तिचं हसणं गावाने कधी ऐकलेलं नव्हतं. लोक इतके घाबरले की तिच्याकडे काही मागायचं कुणाला सुचलंच नाही. सत्तरीपर्यंत ती सातही वाड्या चढत होती, असं सांगतात.

आजही तिसऱ्या पायरीवर बसणाऱ्या बाईला कण्हायची सक्ती नाही. बाळंतीण महिन्याची झाली की तिला तिथं आणून बसवतात, आणि ती पोट धरून हसते. बाकी सगळ्या पायऱ्यांवर नियम आजही तोच आहे.

तुम्ही चौथीवर बसलात.

आधीच सांगणार होतो, पण म्हटलं बघू. मघाशी पाय आत गेले तेव्हा तुम्ही डोळे मिटून "हाऽऽ" केलंत. मी काही बोललो नसतो, पण ते तिघं टोपीवाले माना हलवताहेत बघा. नाही, नाही, पाकीट आत ठेवा. आई पैसे घेत नाही. त्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात काय आहे? गोष्टभर त्यावर हात ठेवून बसलात. गोळ्या? कसल्या गोळ्या? गोळ्यांना काजूकतलीचा वास कसा येतो? वहिनी, तुम्हाला माहीत होतं यांच्याकडे आहे ते? बघा, त्यांनाही माहीत नव्हतं.

काढा. अर्धी नाही, सगळी.