लिवायचं घर गावात आलं

फार फार वर्षांपूर्वी, निळ्याशार समुद्रात जिथे बेटंच बेटं सांडली आहेत त्या फिलिपिन्सच्या मुलखात, रानाच्या कडेला एक इवलंसं घर होतं. उंच बांबूच्या पायांवर उभं. भिंती बांबूच्या, जमीन बांबूच्या पट्ट्यांची आणि छप्पर ताडाच्या पानांचं. वर चढायला एक शिडी. बाहेरगावी जाताना तिथले लोक शिडी काढून ठेवत. शिडी नाही म्हणजे घरात कुणी नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या घरात आठ वर्षांची लिवाय एकटी राहायची. तिची आई देवाघरी गेली होती. बाबा मेण विकायला होडीतून दूरच्या बेटावर गेले. निघताना म्हणाले, “बाळा, शिडी वर ओढून घे. मी येईपर्यंत कुणासाठी खाली सोडू नकोस.” महिन्याभरात येतो म्हणाले होते. आता तीन महिने झाले होते.

सुरुवातीला गावातल्या बायका शेतं ओलांडून विचारपूस करायला आल्या. खालून बघून म्हणाल्या, “शिडी नाही. बापाने पोरीला बरोबर नेलेलं दिसतंय.” आणि परत फिरल्या. लिवाय वर बसून ऐकत होती. बाबांचा शब्द कसा मोडायचा? हाक अगदी ओठांवर आली होती, पण तिने ती गिळून टाकली. पुन्हा कुणी आलं नाही. पहाटे गुपचूप उतरून ती रताळी खणायची, पाणी भरायची आणि झटकन वर यायची. दिवसभर मडक्याशी बोलायची. मडकं काय बोलणार, कपाळ! फार फार एकटं वाटायचं तिला.

एका सोनेरी सकाळी जमिनीच्या फटीतून अंगठ्याएवढी एक बाई वर आली. तिचे केस दवासारखे चमचमत होते, पण धुक्याचा झगा वेताच्या काट्यांत अडकून चिंध्या चिंध्या झाला होता. थंडीने ती कुडकुडत होती. ती होती रानातली परी. तिकडे परीला दिवाता म्हणतात.

लिवायकडे एकच चांगलं कापड होतं. आई कमरेला गुंडाळायची ते, रानकेळीच्या धाग्याचं, लाल-निळ्या पट्ट्यांचं. त्याला अजून आईचा वास येत होता. लिवायने ते नाकाशी धरलं, एकदाच. मग सुरी घेऊन त्याचा तुकडा कापला आणि परीसाठी चिमुकला सदरा शिवला, चिमुकलं कमरवस्त्र केलं.

“किती ऊबदार गं!” परी म्हणाली. “माग काय हवं ते. पण नियम आहेत हं. एकच इच्छा, आणि तीही दव सुकायच्या आत. आणि मी फक्त घर आणि कपडे देऊ शकते. माणूस देता येत नाही.”

“बाबा?”

“नाही गं.”

“मग आई...?”

परीने नकाराची मान हलवली. लिवायचे डोळे भरून आले.

“सोन्याचे खांब देऊ? मोत्यांच्या काठाचा सदरा?” परीने हळूच विचारलं. “की एका फुंकरीत घर गावात नेऊन ठेवू?”

“नको,” लिवाय म्हणाली. “तू नेलंस तर घर उचलायला गावातलं कुणीच येणार नाही. तू घराखाली लांब बांबू बांधून दे. घर हलवायच्या वेळी बांधतात ना, तसे. माझ्याच्याने एकटीने होत नाही.”

परी खुदकन हसली. “एवढंच?”

तिने टिचकी वाजवली. घराखाली दोन लांबलचक बांबू आले, हिरवेगार, लखलखणारे. शेतापलीकडून सगळ्या गावाला दिसले. आणि बांबू बांधलेलं घर दिसलं की तिथे निमंत्रणाची वाट कुणी बघत नसे. डोक्याला लाल फडकी बांधलेले बाप्ये धावत आले, मागून बायका आल्या. सगळ्यांत पुढे म्हातारा बुहावी.

“अरे, रिकामं घर कोण हलवतंय?” तो ओरडला.

दारातून एक लहानसं तोंड बाहेर आलं. “रिकामं नाही, आजोबा. मी आहे.”

इलाया आजीने तोंडावर हात ठेवला. “अगं माझे बाई! तू इथेच होतीस? आणि आम्ही नुसती शिडी बघून परत गेलो!”

“पण घर नेलंत तर बाबांना मी कशी सापडणार?” लिवायने विचारलं.

“होड्या लागतात त्या नदीवर रोज आमचं कुणी ना कुणी असतं,” बुहावी म्हणाला. “होडी दिसली की त्याला तुझ्या दारात आणून उभा करू.”

मग वीस खांद्यांवर घर उचललं गेलं. आत लिवाय, आणि तिच्या खांद्यावर लाल-निळ्या कपड्यांतली परी. शेतं ओलांडून घर डुलत डुलत गावात आलं आणि इलाया आजीच्या घराशेजारी टेकलं. त्याच क्षणी गवतावरचं शेवटचं दव सुकलं. परीने लिवायच्या गालाला हात लावला आणि ती झगझगीत उजेडात विरून गेली.

लिवायने शिडी खाली सोडली. इलाया आजी धापा टाकत वर आली आणि तिने लिवायला कुशीत घेतलं. तेव्हा लिवाय मोठ्याने रडली. तीन महिने ती आवाज न करता रडत होती. आता ऐकायला माणसं होती.