घंटेखाली झोपलेलं कुत्रं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. आजूबाजूच्या गावांना कुस्तीचा नाद, बैलगाडीच्या शर्यतींचा नाद. या गावाला मात्र बास्केटबॉलचं वेड. देवळामागच्या मैदानात दोन खांब, त्यांवर दोन लोखंडी कडी, आणि संध्याकाळ झाली की चेंडूचा धपधप आवाज. नव्या सुनेलाही आठवड्याभरात खेळाचे नियम पाठ करावे लागायचे, नाहीतर घरात तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

या गावची एक रीत होती. चैत्राच्या जत्रेत नदीपलीकडच्या गावाशी सामना व्हायचा. त्याच्या आदल्या दिवशी गुरव देवळातली लहान घंटा आणून खांबावरच्या कड्याला हातभर दोरीने टांगायचा. ज्याला संघात खेळायचं असेल त्याने तीन उड्यांत ती वाजवायची. वाजली तर मैदानात; नाही वाजली तर पारावर, म्हाताऱ्यांच्या पंगतीत. एकदा पारावर बसलेला माणूस पुन्हा मैदानात उतरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

या गावात केरबा नावाचा खेळाडू होता. तरुणपणी तो उडाला की घंटा अशी ठणकायची की गुरवाला ती तडकण्याची भीती वाटे. आता केरबा पन्नाशीला टेकला होता. गेल्या चैत्रात घंटा जेमतेम वाजली. दिवाळीनंतर एके संध्याकाळी त्याने एकट्यानेच उडी मारून पाहिली, तर हात घंटेच्या जागेपर्यंत पोचलाच नाही. गुडघा मात्र ठणकला. केरबा खांबाला टेकून बसला आणि त्याला रडू आलं. खेळाशिवाय आपण कोण, हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लहानपणी त्याला खेळ शिकवलेल्या वस्तादाकडे गेला. वस्तादाने सत्तरी ओलांडली होती, पण मांडी घालून बसलेला हा माणूस जमिनीला हात न लावता उठायचा.

"वस्ताद, माझी उडी गेली," केरबा म्हणाला.

"मारून दाव."

केरबाने अंगणातच उडी मारली. वस्ताद डोळे मिटून बसला होता.

"बघितली का?"

"न्हाई. तू वर गेलास ते बघायला समदं गाव हाय. तू खाली आलास ते मी ऐकलं. ज्वारीचं पोतं आपटावं तसा आलास, लेका."

"घंटा वर हाय, वस्ताद. खालचं ऐकून काय करायचं?"

"खाली येतोस तवा समदं वझं गुडघ्यावर टाकतोस. गुडघा दुखला की त्योच भितो आन् उडी आखडतो. मग तू म्हणतोस, वय झालं! आजपासनं उडीचं नाव काढू नगंस. आधी उतराय शीक."

वस्तादाकडे सुस्त्या नावाचं कुत्रं होतं. जगात कुठेही आडवं व्हायचं आणि झोपायचं, एवढंच त्याचं काम. पण जवळ काही धपकन पडलं की ते खडबडून उठून गुरगुरायचं. वस्तादाने त्याला खांबाखाली नेऊन झोपवलं आणि म्हणाला, "ह्यो उठला न्हाई पायजे. ह्योच आता तुजा वस्ताद."

झालं! केरबा लहानशी उडी मारायचा आणि सुस्त्या गुरगुरत उठायचा. पुन्हा उडी, पुन्हा गुरगुर. शेवटी वैतागून कुत्रं उठून दुसऱ्या खांबाखाली जायचं आणि केरबा त्याच्या मागे. पोरं पोट धरून हसायची. "केरबातात्या, घंटा वर टांगत्यात, कुत्र्याच्या गळ्यात न्हाई!" घरी कारभारीण म्हणायची, "गावातली माणसं बायकूला भित्यात, आमचं हे कुत्र्याला."

केरबा हसण्यावारी न्यायचा आणि पहाटे उठून बैठका मारायचा. देवळाच्या पायरीवर चवड्यांवर उभा राहायचा, एका पायावर तोल धरायचा. हळूहळू त्याचं अंग शिकलं. आधी चवडा टेकायचा, मग टाच, मग गुडघा आणि कंबर लवायची, आणि अंगाचं ओझं जमिनीवर न आदळता अंगातच जिरायचं. माघात एके सकाळी त्याने उडी मारली आणि सुस्त्याने नुसता कान हलवला. फाल्गुनात तोही हलवला नाही. गुडघ्याचं दुखणं कधी गेलं, हे केरबाच्या लक्षातही आलं नाही.

तरी चाचणीच्या आदल्या संध्याकाळी हात घंटेच्या जागेला बोटभर कमीच पडत होता. दौलू गुरव त्याचा लंगोटीयार. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "केरबा, दोरी बोटभर सैल सोडतो. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

केरबाने वर कड्याकडे पाहिलं. पारावरची रिकामी जागा त्याला दिसत होती, आणि आतून जीव म्हणत होता, हो म्हण.

"नको, दौलू," तो शेवटी म्हणाला. "घंटा खाली आली म्हणून मी वर गेलो, असं व्हतंय का? पारावर बसंन, पर माझ्या पायांशी खोटं बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. तरुण पोरांनी घंटा ठणाठणा वाजवली. सुस्त्या त्या कल्लोळाला कंटाळून निघून गेला आणि सगळं शांत झाल्यावर सवयीने परत येऊन खांबाखाली आडवा झाला. मग केरबाची पाळी आली.

पहिली उडी हुकली. दुसऱ्या उडीला तो धावत आला, वर गेला, आणि बोट घंटेच्या अगदी खालून निसटलं. लोक हळहळले. केरबा खाली येत होता. चवडा टेकला, गुडघे लवले, जिरलेलं सगळं ओझं पायांत साठलं आणि तो थांबलाच नाही. उतरता उतरताच पुन्हा उडाला! धनुष्य ताणून सोडावं तसा गेला. आणि आलाही अलगद.

"वाजली का?" एकाने विचारलं.

"न्हाई बा, मला न्हाई ऐकू आली."

"हलली, पर वाजली न्हाई."

वाद सुरू झाला. तेवढ्यात वस्ताद पारावरून ओरडला, "आरं, भांडताय कशाला? त्या कुत्र्याला बघा!"

सगळे बघू लागले. केरबाच्या तिन्ही उड्यांना न हललेला सुस्त्या उठून बसला होता आणि मान वाकडी करून वर घंटेकडे बघत होता.

गाव हसलं. तरी एक खवचट म्हणालाच, "गुरव त्याचा दोस्त हाय. दोरी मोजा!" हात लावून दोरी मोजली, हातभर म्हणजे हातभर. दौलूने कपाळावरचा घाम पुसला आणि केरबाकडे बघून हात जोडले.

जत्रेच्या सामन्यात केरबा पोरांइतका उंच उडाला नाही. पण पहिल्या उडीनंतर पोरं जमिनीवर सावरेपर्यंत केरबा दुसऱ्यांदा हवेत असायचा, आणि कड्यावरून परतलेला चेंडू त्याच्या हातात. पलीकडच्या गावानेही टोप्या उडवल्या.

त्यानंतर बरीच वर्षं केरबा खेळला. आणि पारावर? पारावर हल्ली पहाटे कुणी बसलेलं नसतं. म्हातारे देवळाच्या पायरीवर चवड्यांवर उभे असतात, आणि सुस्त्याला पायरीवर झोपायला जागा मिळत नाही.

तात्पर्य: वर चढणं तरुण वय शिकवतं, अलगद उतरणं आपलं आपल्याला शिकावं लागतं; ज्याला उतरता येतं, त्याला पुन्हा उडता येतं.