न मागता उघडणारं कोठार

एका राज्यात असा राजा होता, की ज्याच्या कोठारात वैरणीचे डोंगर होते आणि ज्याच्या माळावर मेंढरं उपाशी मरत होती. कोठार काही राजाच्या बापाचं नव्हतं. दर सुगीला माळावरच्या घराघराने संकटकाळासाठी आपला वाटा त्यात टाकला होता. किल्ली मात्र प्रधानाकडे, आणि प्रधान चेटक्या.

त्या वर्षी माळावर नारळाएवढ्या गारा पडल्या. म्हाकूबाई धनगरणीचा अर्धा कळप तिच्या डोळ्यांदेखत आडवा झाला, गळ्यात घंटा बांधून पुढे चालणारा एडकासुद्धा. मेलेलं जनावर दिवस मावळायच्या आत मीठ घालून मातीआड करायचं, ही तिच्या लोकांची रीत. तिने ती पाळली. पण माळावर गवताची काडी उरली नव्हती. मेंढ्यांचं दूध आटलं, कोकरांनी माना टाकल्या. एडक्याच्या पाठीवर जन्म काढलेली साळुंकी खांद्यावर घेऊन म्हाकूबाई दरबारात गेली.

“म्हाराज, वैरण द्या,” ती म्हणाली. तसे राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे झाले. दरबाराने पाहिलं आणि मान फिरवली.

“गारा पडल्या कशावरून?” प्रधान म्हणाला. “एक आणून दाखव.”

साळुंकीने डोंगराच्या घळीतला न वितळलेल्या गारांचा थर दाखवला. म्हाकूबाईने घोंगडीत गुंडाळून गार आणली आणि पुन्हा वैरण मागितली. राजा कमरेपर्यंत दगड झाला.

“मेंढरं मेली कशावरून? मेलेलं दाखव.”

पुरलेलं उकरणं म्हणजे पाप. तरी तिने ते केलं, एडक्याची शिंगं आणि घंटा वर काढली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. ती परतली तेव्हा एका सरदाराच्या दारी वैरणीच्या गाड्या चालल्या होत्या. गारांनी त्याच्या मोराचं पीस मोडलं होतं म्हणे. मोर वैरण खात नाही, पण सरदाराकडे कोणी पुरावा मागितला नव्हता.

तिने तिसऱ्यांदा मागितलं. राजा गळ्यापर्यंत दगड झाला.

“आता तो ढग साक्षीला आण,” प्रधान हसून म्हणाला.

तेव्हा साळुंकी तिच्या कानाशी बोलली. “राजाच्या आजाने शपथ घेतली होती, की संकटात रयतेला मागावं लागलं तर माझा वंश दगड होवो. आणखी एकदा मागितलंस की राजा संपला आणि कोठार प्रधानाचं झालं.”

होऊ दे दगड, असं म्हाकूबाईच्या मनात आलं. मग तिला कोकरं आठवली. तिने मातीने भरलेली घंटा राजासमोर ठेवली.

“म्या आता मागणार न्हाई,” ती म्हणाली. “आमचंच हाय ते. दिसत आसंल तर बघा.”

“अगं, माग की,” प्रधान गोड आवाजात म्हणाला. तिने दातावर दात दाबून धरले.

राजाला हलवायला मान उरली नव्हती. त्याला घंटेकडे बघावंच लागलं. मग तो म्हणाला, “कोठार उघडा.”

दारं आपोआप उघडली. दगडपण राजाच्या अंगातून उतरलं आणि प्रधानावर चढलं, डोक्यापासून पायापर्यंत. माळाकडे गाड्या सुटल्या.

राजा हात जोडून म्हणाला, “बाई, आणखी काय हवं ते माग.” आणि त्याच्या पायाचा अंगठा दगड झाला.

“परत त्येच,” म्हाकूबाई म्हणाली.

राजाने तोंड मिटलं, वैरणीचा भारा डोक्यावर घेतला आणि तिच्यामागून चालू लागला. शेवटच्या कळपापुढे भारा उतरेपर्यंत अंगठा दगडाचाच राहिला. माळ लांब होता आणि राजा वाटभर ठेचकाळत होता. म्हाकूबाईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.