होयकिडा

एका राज्यात शूर पुरुषाला तलवार मिळत नसे, किडा मिळत असे. दरबारी भाषेत त्याला रत्नभृंग म्हणत. बाजारात लोक होयकिडा म्हणत, पण हळू आवाजात. पाठ पाचूसारखी हिरवी, पाय सहा. मानेवर बसला की सहाही पाय कातडीत रुतवी आणि माणसाच्या आतले नकार पिऊन गलेलठ्ठ होई. राजाला ही सोय फार आवडली. किडा मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षे अर्ज करीत.

विसाजी चिटणीसाला तो मिळाला, तेव्हा त्याची बायको म्हाळसा हिने रिवाजाप्रमाणे त्याच्या मानेला स्वतःच्या हाताने मध लावला आणि गल्लीभर साखर वाटली. शेजारणी जळल्या. तेवढाच काय तो त्या किड्याचा तिला झालेला लाभ.

पाच वर्षे गेली.

“अहो, आमटी खारट झाली का?”

“होय.”

“का अळणीच झाली?”

“होय.”

हे एक वेळ चालले असते. पुष्कळ बायकांनी त्यावर नवस फेडले असते. पण नकार संपले की माणसाचे शरीरही कशाला नाही म्हणत नाही. ताप येतो, शरीर त्याला होय म्हणते. विसाजीबरोबर किडा मिळालेल्या सहांपैकी पाच असेच गेले. त्यांना तोफांची सलामी मिळाली. आता विसाजीचे अंग तापू लागले.

म्हाळसा रानात गेली. तिथे सावरीच्या झाडावर एक म्हातारा सुतारपक्षी राही.

“किडे काढणे हा आमचा पिढीजात धंदा,” तो म्हणाला. “पण एकेक काढून उपयोग नाही. आदिकिडा राजाच्या मुकुटाखाली आहे. त्याच्यासमोर भोपळ्यातून तीन नकार मोकळे कर. पहिला बलवंताला दिलेला, दुसरा लाडक्याला दिलेला, तिसरा तुझा स्वतःचा. आणि ऐक. भोपळ्यात दिलेला नकार परत मिळत नाही.”

“बरे,” म्हाळसा म्हणाली आणि कोरडा भोपळा काखेत मारून निघाली.

पहिला नकार एका नावाड्याकडे होता. त्याने राजाची फौज नदीपार न्यायचे नाकारले होते. त्याबद्दल त्याचा एक पाय कापला होता.

“ने बाई,” तो म्हणाला. “मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.” तो भोपळ्यात ‘नाही’ म्हणाला आणि म्हाळसेने बूच लावले.

दुसरा डोंगरावरच्या हेमाडी नावाच्या चेटकिणीकडे होता. होयकिडे पैदा करणारा मांत्रिक तिचाच मुलगा.

“अमर होण्याचा मंत्र मागायला आला होता. मी दिला नाही. तेव्हापासून पोरगे या वाटेला फिरकले नाही.” ती बराच वेळ भोपळा हातात धरून बसली. “एवढाच एक धड निर्णय केला होता मी जन्मात. कशाला हवाय तुला?”

“नवऱ्यासाठी.”

“वेडी आहेस,” चेटकीण म्हणाली आणि भोपळ्यात बोलली.

तिसऱ्यासाठी कुठे जायचे नव्हते. म्हाळसेजवळ नकारांचा साठा मोठा होता. वापरायची वेळ तिच्यावर कोणी येऊच दिली नव्हती. तिने भोपळा तोंडाला लावला. सगळे एका श्वासात गेले.

भर दरबारात तिने बूच काढले. आधी नावाड्याचा घोगरा नकार निघाला, मग चेटकिणीचा, मग तिचा. मुकुटाखालून आदिकिडा घरंगळला, राजाच्या मांडीवर पाय वर करून पडला आणि मेला. लगोलग सगळ्या मानांवरचे किडे पिकल्या बोरांसारखे टपटप गळले.

राजा झोपेतून उठल्यासारखा बघू लागला. “आपली लढाई कोणाशी चालू आहे?” त्याने विचारले. सेनापतीलाही आठवेना. मग लढाई थांबली, तुरुंग उघडले, मांत्रिकाला हद्दपार केले, नावाड्याला सरकारी खर्चाने लाकडी पाय मंजूर झाला. राज्य शापातून सुटले.

तापातही दरबारात हजर असलेल्या विसाजीच्या अंगाला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. त्याने मान चाचपली.

“माझे रत्न कुठे आहे?”

“मेले ते. चला, घरी जाऊ.”

“नाही.”

म्हाळसेच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. पाच वर्षांत त्याच्या तोंडून तिने हा शब्द ऐकला नव्हता.

“नाही!” विसाजी पुन्हा म्हणाला, त्याला शब्दाची चव आवडली असावी. “उघडी मान घेऊन गल्लीत कसा फिरू? कोणी सांगितले होते तुला? चारचौघांत शोभा केलीस माझी. आजच्या आज माहेरी चालती हो, आणि पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. कळले?”

म्हाळसेने तोंड उघडले. आत खूप शोधले.

“होय,” ती म्हणाली.

बाहेर शापमुक्तीचे नगारे वाजू लागले होते.